डाऊन गाडी घाट चढते

सहावीत शिकणाऱ्या माझ्या भाचीने परवा इंग्रजीची सरावपत्रिका माझ्यापुढे ठेवली. डावीकडे दहा शब्द आणि उजवीकडे प्रत्येकाची जात लिहिण्यासाठी एकेक रिकामी चौकट, असे तिचे स्वरूप होते. सातवा शब्द होता ‘डाऊन’. ‘‘मामा, ह्याची जात कोणती?’’ या प्रश्नावर मी वाक्य कुठे आहे असे विचारले, तर वाक्य दिलेलेच नव्हते. आणि वाक्यावाचून या शब्दाची जात विचारणे म्हणजे पत्ता न लिहिता पाकीट पोस्टात टाकण्यासारखेच आहे.

सूर्य मावळतो तेव्हा इंग्रजीत तो ‘डाऊन’ जातो, ते क्रियाविशेषण. ‘डाऊन द रोड’ म्हटले की तोच शब्द आपल्या शब्दयोगी अव्ययाचे काम करतो, फक्त नामाच्या मागे न लागता पुढे उभा राहतो. ‘डाऊन ट्रेन’मध्ये तो विशेषण होतो, ‘अप्स अँड डाऊन्स’मध्ये अनेकवचन घेऊन नाम होतो, आणि कामगार संपावर जाताना ‘डाऊन टूल्स’ करतात तेव्हा क्रियापद. आपल्याकडे त्याच संपाला ‘टूल डाऊन’ म्हणतात आणि कचेऱ्यांतल्या संपाला ‘पेन डाऊन’. शब्द दोन्ही इंग्रजी, पण कर्म आधी आणि क्रिया शेवटी हा क्रम मात्र आपल्या ओळखीचा. शेजारच्यांचा कुत्रा ‘डाऊन’ म्हणताच बसतो. ती आज्ञा कोणत्या चौकटीत घालायची हे त्याला विचारण्याची सोय नाही. (मराठी घरांतले कुत्रे इंग्रजीच का समजतात, हा आणखी वेगळा प्रश्न.)

या शब्दाचे मूळ तर त्याच्या अर्थाच्या अगदी उलट आहे. जुन्या इंग्रजीत ‘दून’ म्हणजे टेकडी. ‘टेकडीवरून’ अशा अर्थाचा ‘ऑफ दूने’ हा प्रयोग झिजत गेला, टेकडी विसरली गेली आणि उतार तेवढा उरला. दक्षिण इंग्लंडमधल्या ‘साउथ डाऊन्स’ या आजही टेकड्याच आहेत. उशीत भरतात तो पिसांचा मऊ ‘डाऊन’ मात्र परका. तो नॉर्स भाषेतून आला आणि योगायोगाने सारखा दिसू लागला. आपल्या ‘खाली’चेही असेच आहे. झाडाखालचा ‘खाली’ निराळा आणि ‘टॅक्सी खाली आहे का?’ यातला, अरबीतून आलेला ‘खाली’ निराळा.

मी नाशिकहून मुंबईला रोज अप-डाऊन करतो, त्यामुळे ‘डाऊन’शी माझा परिचय पुस्तकापेक्षा रुळांवरचा अधिक. मुंबईकडे येणारी गाडी अप आणि मुंबईपासून दूर जाणारी डाऊन, हा इथल्या रेल्वेचा हिशेब. त्यामुळे कसाऱ्याच्या पुढे ३७ फुटांमागे १ फूट अशा चढावर धापा टाकत इगतपुरीकडे निघालेली गाडी डाऊन असते आणि घाट उतरणारी अप. कसाऱ्याला मालगाडीच्या मागे बँकर, म्हणजे रेटा देणारी जादा इंजिने, लावलेली दिसतात, तेव्हा टेकडीवरून घसरलेला हा शब्द पुन्हा टेकडीवर ढकलला जातो आहे असे मला उगीचच वाटते.

इंग्रजीला हे सारे परवडते, कारण तिने आपले बहुतेक प्रत्यय शतकांच्या ओघात गाळून टाकले. नाम आणि क्रियापद यांचे शेवट एकदा सारखे झाले की शब्दाची जात त्याच्या रूपावरून न ठरता वाक्यातल्या जागेवरून ठरते. शब्दांच्या आठ जाती मात्र मुळात ग्रीक-लॅटिनच्या व्याकरणांतून आल्या, जिथे शब्दाचा शेवट पाहिला की त्याचे काम बरेचसे कळते. इंग्रजीने त्या घेतल्या आणि दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठी व्याकरण छापले तेही इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर. मराठीला त्या फारशा काचल्या नाहीत. ‘खाली बस’ आणि ‘झाडाखाली बस’ यांतला फरक ‘झाड’चे ‘झाडा’ होताच कानाला कळतो, आणि विशेषण हवे तर ‘खालचा’ आहेच.

म्हणूनच इंग्रजी शब्द आपल्याकडे आला की त्याला आधी अंगावर काहीतरी घालावे लागते. ‘अप-डाऊन’ मराठीत येताच नपुंसकलिंगी झाले, ‘रोजचं अप-डाऊन’, ‘अप-डाऊनला कंटाळलो’, ‘अप-डाऊनवाले’ अशी रूपे धरू लागले. क्रियापद होण्याची परवानगी मात्र त्याला मिळाली नाही. सर्व्हर डाऊन असतो किंवा डाऊन होतो. तो ‘डाऊनतो’ असे अजून कोणी म्हणालेले मी ऐकलेले नाही.

हे सगळे ऐकून घेतल्यावर भाचीने चौकटीत बारीक अक्षरात पाच जाती लिहिल्या आणि पेन्सिल ठेवून म्हणाली, ‘‘तू उद्या अप-डाऊन करणार आहेस ना? मग त्यात क्रियापद कुठलं?’’

‘‘करणार आहेस,’’ मी म्हणालो आणि पहाटेचा गजर लावला.