भिंतीपाशी

१३ ऑक्टोबर २०२५, सोमवार
पिट्सबर्ग, रात्रीचे अकरा वाजून गेलेत

आज अर्धा दिवस रजा टाकली आणि सोहमला घेऊन भिंतीपाशी जाऊन आले. इथल्या ओकलंड भागात विद्यापीठाच्या आवारात फोर्ब्ज फील्ड या जुन्या बेसबॉल मैदानाची भिंत अजून उभी आहे, वेलींनी झाकलेली. दर १३ ऑक्टोबरला लोक तिथं घडीच्या खुर्च्या घेऊन जमतात आणि १९६०च्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे बेसबॉलच्या अंतिम लढतीच्या, सातव्या सामन्याचं रेडिओ समालोचन पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतात. निकाल सगळ्यांना पाठ. तरी ९-९ वर आलं की सगळे गप्प होतात. रामनवमीला बारा वाजता जन्म होणार हे ठाऊक असूनही पाळण्याची दोरी ओढेपर्यंत देवळात कुणी बोलत नाही, तसंच. ३ वाजून ३६ मिनिटांनी मॅझेरोस्कीचा होमरन भिंतीपलीकडे जातो, आमच्या गावचे पायरेट्स न्यूयॉर्कच्या यँकीजना १०-९ ने हरवतात आणि पिकल्या केसांची माणसं एकमेकांना मिठ्या मारतात.

परतताना गाडीत सोहमने विचारलं, "आई, आपल्या टीमचा मालक कधी जिंकण्याएवढा खर्च करेल का गं?"

मी सिग्नल बघतेय असं दाखवलं. उत्तर आता लिहितेय.

मी या गावात आले २००७ मध्ये. बॉब नटिंग पायरेट्सचा मुख्य मालक झाला तोही त्याच वर्षी, जानेवारीत. म्हणजे आमचा संसार आणि त्याची मालकी बरोबरीनेच चाललीय. शेजारच्या वेस्ट व्हर्जिनियातलं व्हीलिंगचं घराणं, वर्तमानपत्रांचा जुना धंदा. तेव्हा टीम ओळीनं हरतच होती: १९९३ ते २०१२, सलग २० सीझन जिंकलेल्यापेक्षा हरलेले सामने जास्त. मला बेसबॉल कळत नव्हतं. २००८च्या नोव्हेंबरात बाबांचा साताऱ्याहून फोन आला, "तुमच्या गावच्या टीमनं आपली दोन पोरं घेतली, पेपरात आलंय!" रिंकू सिंह आणि दिनेश पटेल. उत्तर प्रदेशातली भालाफेक करणारी मुलं, चेंडू जोरात फेकण्याच्या स्पर्धेतून निवडलेली, व्यावसायिक बेसबॉलचा करार मिळालेले पहिले भारतीय. मुख्य संघापर्यंत दोघंही पोहोचले नाहीत, पण माझी गोडी तिथून लागली. माझ्या नवऱ्याचं, अनिकेतचं म्हणणं तेव्हाही हेच होतं, "स्वस्तात मिळाले म्हणून घेतले."

बाबांची आठवण निघाली म्हणून सांगते, कंजूस माणसाचा मला राग येत नाही. बाबा रोज रात्री वहीत दुधापासून रिक्षापर्यंत सगळं मांडायचे, आणि अंथरूण पाहून पाय पसरण्यातच मी वाढले. त्यामुळे नटिंगला लोक शिव्या घालायचे तेव्हा पहिली काही वर्षं मी मनात त्याचीच बाजू घ्यायचे. छोटं शहर आहे, न्यूयॉर्क-लॉस एंजेलिसएवढा टीव्हीचा पैसा इथं कुठून येणार? पण इथलं अंथरूण त्याच्या एकट्याचं नाही. २००१ला उघडलेलं टीमचं मैदान, पीएनसी पार्क, बहुतांशी लोकांच्या कराच्या पैशातून बांधलंय. आणि नियम असा की प्रत्येक टीमने आपल्या स्थानिक उत्पन्नातले ४८ टक्के एका गल्ल्यात टाकायचे आणि तो गल्ला सगळ्यांत सारखा वाटायचा. छोट्या टीमला घातल्यापेक्षा जास्त परत मिळतं. वरच्या बाजूला जास्त उधळणाऱ्यांवर दंडासारखा कर आहे. पगारावर किमान अमुक रक्कम घालाच, अशी खालची रेघ मात्र नाही. वाट्याचे पैसे नीट वापरले नाहीत म्हणून खेळाडूंच्या संघटनेने २०१८ला चार टीमविरुद्ध तक्रार केली होती, त्यात आमची होतीच.

अनिकेत म्हणतो, आयपीएल बरी. यंदा सगळ्यांच्या खिशात सारखेच १२० कोटी, मालक खर्च करेल का हा प्रश्नच नाही, अक्कल वापरेल का एवढाच. २७ कोटींचा पंत घेऊनही लखनौ बाहेरच.

पैसा म्हणजे विजय नव्हे, हे मलाही कळतं. २०२३ला न्यूयॉर्कच्या मेट्सनी बेसबॉलमध्ये तोवर कुणी ओतला नव्हता इतका पैसा ओतला आणि सीझनच्या १६२ सामन्यांपैकी ७५च जिंकून घरी बसले. पण आमचं दुखणं वेगळं आहे. २०१३ची ती वाइल्ड कार्डची, बाद फेरीत शिरण्याच्या एकाच सामन्याची, रात्र मी विसरणार नाही. अख्खं मैदान काळ्या कपड्यांत, सिनसिनाटीकडून चेंडू फेकणाऱ्या क्वेटोचं नाव लोक एका सुरात असे ओरडत होते की त्याच्या हातातून चेंडू पडला आणि पुढच्याच फेकीवर रसेल मार्टिनने होमरन मारला. दोन वर्षांचा सोहम दचकून उठला होता. २०१५ला टीमने ९८ सामने जिंकले. शिरा होत आलाय, आता फक्त तूप सोडायचंय, अशी वेळ. नेमकं तेव्हाच गॅस बंद. नील वॉकर, इथलाच मुलगा, दुसरीकडे दिला. त्या जागी स्वस्तातले, उतरणीला लागलेले खेळाडू आणले. २०१६ला ७८ विजय. २०१८च्या जानेवारीत गेरिट कोल आणि मॅककचन या मोठ्या खेळाडूंनाही दुसरीकडे देऊन टाकलं. हजारोंनी अर्जावर सह्या केल्या, टीम विका म्हणून. मीही केली. बाबा काय म्हणाले असते, हा विचार सही करताना मनात आला नाही, असं तेव्हा पहिल्यांदाच झालं.

त्याने कधीच काही दिलं नाही असंही नाही. ब्रायन रेनॉल्ड्सला २०२३ मध्ये आठ वर्षांचे १० कोटी ६७ लाख ५० हजार डॉलर दिले. टीमच्या इतिहासातला तोवरचा सर्वांत मोठा करार! त्याच्या पुढच्या वर्षाअखेरीस मेट्सनी एकट्या सोटोला ७६.५ कोटी कबूल केले.

मला वाटतं, मैदान हाच त्याचा सर्वांत भरवशाचा खेळाडू आहे. नदीपलीकडे उंच इमारती, टीमचा जुना महान खेळाडू क्लेमेंटे याच्या नावाचा पिवळा पूल, फटाके, मधल्या इनिंगला पिरोगींचा वेश केलेल्या माणसांची शर्यत. (पिरोगी म्हणजे थेट आपली करंजी. सोहम लहानपणी "करंज्या पळाल्या" असंच ओरडायचा.) टीम हरली तरी लोक संध्याकाळ घालवायला येतात. मग खर्च कशाला? यंदा एप्रिलमध्ये तर उजव्या भिंतीवरच्या क्लेमेंटेच्या शर्टाच्या २१ या आकड्याच्या जागी जाहिरात लावली. गाव खवळलं तेव्हा माफी मागून आकडा परत लावला. घरच्या पहिल्या सामन्याला मैदानावरून विमान गेलं, मागे टीम विकायला सांगणारा फडका.

आणि याच टीमकडे पॉल स्कीन्स आहे. यंदा त्याच्यावर नऊ इनिंगमागे सरासरी १.९७ धावा, सगळ्यांत भारी पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, तरी त्याच्या नावावर जिंकलेले आणि हरलेले सामने दहा-दहा, कारण त्याच्यासाठी धावा काढणारं कुणी नाही. यंदाचा पगार ८ लाख ७५ हजार डॉलर. २०२९च्या सीझननंतर तो दुसऱ्या टीमकडे जायला मोकळा होईल. टीमने यंदा ७१ जिंकले, ९१ हरले.

म्हणून सोहम, उत्तर असं: नाही करणार. तो हरायला बसलाय असं नाही, पण या नियमांत हरण्याची झळ त्याच्या खिशाला पोहोचत नाही. २०२९ला तू १८ वर्षांचा असशील.

संध्याकाळी चकलीची भाजणी भाजता भाजता मिलवॉकी आणि लॉस एंजेलिसच्या डॉजर्सचा सामना लावला होता. डॉजर्सच्या खेळाडूंचा एकूण पगार ३० कोटी डॉलरच्या वर, मिलवॉकीचा त्याच्या निम्म्याहून कमी, आणि गाव आमच्यासारखंच छोटं. तरी यंदा सर्वांत जास्त, ९७ विजय त्यांचे. भाजणी थोडी लागली, ती चौथ्या इनिंगला. डॉजर्सच्या मन्सीचा फटका मिलवॉकीच्या फ्रेलिकच्या हातमोज्याला लागून भिंतीला लागला आणि परत त्याच्याच हातात आला, त्यातून दोघं बाद झाले. मी झारा घेऊन टीव्हीसमोर उभी.

नवव्या, शेवटच्या इनिंगला मिलवॉकी १-२ ने मागे, तिन्ही बेसवर त्यांचेच खेळाडू. त्यांच्या टुरँगच्या अंगावर चेंडू आला आणि तो सवयीने बाजूला झाला. पुढे बाद झाला, सामना संपला.

"लागू द्यायचा ना!" सोहम ओरडला. "अंगाला लागला असता तर एक धाव फुकट मिळून बरोबरी होती."

अनिकेत म्हणाला, "ताशी शंभर मैल वेगाची सवय असलेल्या माणसाला सांग ते."

पुढच्या सीझनची तिकिटं घ्यायची का, हे महिनाअखेरीपर्यंत ठरवायचंय. सोहमने फ्रिजवर चिठ्ठी लावलीय, त्यात फक्त स्कीन्सच्या शर्टावरचा आकडा आहे, ३०.