तालमीची टीम बांधली त्याची गोष्ट (माझा अनुभव)

गणपती विसर्जन होऊन चार दिवस झाले नव्हते तोवर तालमीत मीटिंग लागली. कोल्हापूरकरांना सांगायला नको पण बाहेरच्यांसाठी सांगतो, इथं फुटबॉलची टीम कुठल्या कंपनीची नसते, तालमीची असते. जिथं कधीकाळी लाल माती होती तिथंच गणपती बसतो, तिथंच किटच्या बॅगा पडलेल्या असतात आणि भांडणं पण तिथंच. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब ही मोठी नावं, शाहू स्टेडियमवर यांची एकमेकांत मॅच असली की अर्धं शहर गॅलरीत असतंय. आमची तालीम त्यामानानं बारकी. नाव सांगत नाही, कारण पुढचं वाचून आमचीच माणसं मला धरतील.

मागच्या सीझनला आम्ही सीनियर गटात कसंबसं टिकलो, ते पण शेवटच्या मॅचला बरोबरी झाली म्हणून. त्यामुळं मीटिंगमध्ये सगळे तापलेले, आणि शेवटी अण्णा म्हणाले, "यंदा टीमचं ह्यो बघंल." ह्यो म्हणजे मी. माझी लायकी काय तर सात वर्षं राईट बॅक खेळलो, गुडघा गेला, मग पाण्याच्या बाटल्या सांभाळल्या, आणि पतसंस्थेत कामाला असल्यामुळं हिशोब बरा ठेवतो. बास. कोणी विरोध केला नाही कारण हे काम कुणालाच नको होतं.

पैशाचं आधी सांगतो. मीटिंगमध्ये तोंडानं जमले पाच लाख. दसऱ्यापर्यंत हातात आले एक लाख नव्वद हजार, त्यातले वीस हजार जर्सी आणि बॉलला गेले. जे सगळ्यात मोठ्यानं बोललेले त्यांचा फोन लागत नव्हता, आणि कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवाल्या मामांनी न मागता पाच हजार आणून दिले.

आता टीम काय पाहिजे यावर सगळ्यांचं एकच, स्ट्रायकर आणा. गोलच होत नाहीत तर स्ट्रायकर आणा, सोपं गणित. मी सहज म्हणून मागच्या वर्षीची वही काढली, कारण बाटल्या सांभाळताना मी गोल लिहून ठेवायचो, आणि बघतोय तर आम्ही खाल्लेल्या चौदा गोलांपैकी नऊ शेवटच्या वीस मिनिटांत, आणि त्यातले सहा तर आमच्या डाव्या बाजूनं. म्हणजे सत्तर मिनिटं आम्ही बरे होतो, मग पाय जायचे आणि बेंचवर बघितलं तर कोण, एक सत्तर किलोचा पोरगा जो आता नव्वद किलोचा झालाय आणि एक ज्याची परीक्षा असायची.

माझा पुतण्या पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, रात्र रात्र प्रीमियर लीग बघत बसतो, त्याला हे कळल्यावर त्याच्या अंगात आलं. काका तुम्ही इंग्लंडमधल्या ब्रेंटफोर्ड क्लबचं बघा म्हणाला. त्यांनी २०१६ ला स्वतःची अकॅडमी बंद केली आणि दुसऱ्यांनी नाकारलेली, खालच्या डिव्हिजनमधली पोरं आकडे बघून उचलायला लागले, २०१७ ला ऑली वॉटकिन्स हा फॉरवर्ड एक्सेटर क्लबकडून दोन मिलियन पाउंडाच्या आत घेतला आणि २०२० ला ॲस्टन व्हिलाला अठ्ठावीस मिलियनला विकला. मी म्हटलं बाबा, तिथं विकायची सोय तरी आहे, आमच्याकडं पोरगं जरा चांगलं खेळायला लागलं की दुसरी पेठ फुकटात उचलून नेते, आणि वर जाताना आमचे शूज पण घेऊन जातंय ते. तरी त्यानं एक काम बरं केलं. एक कागद घेऊन प्रत्येक जागेपुढं तीन नावं लिहायला लावली, पहिला कोण, तो नसला तर कोण, तो पण नसला तर कोण. लेफ्ट बॅकपुढं, म्हणजे डाव्या बाजूच्या डिफेंडरपुढं, एकच नाव. कीपरपुढं एकच. स्टॉपरपुढं, म्हणजे मधल्या डिफेंडरपुढं, दोन, त्यातले एक आमचे दादा, वय छत्तीस. आणि फॉरवर्डला सात नावं! तो कागद मी मीटिंगमध्ये दाखवला तर अण्णा म्हणाले, "ते ठीक हाय, पण स्ट्रायकर कोण आणायलाय?"

सगळ्यात आधी स्टॉपरच्या मागं लागलो. दुसऱ्या पेठेतला एक चांगला पोरगा होता, तिथं त्याला खेळवत नव्हते म्हणून नाराज आहे अशी बातमी होती. रात्री नऊला मी आणि आप्पा त्याच्या घरी. इथं असंच असतंय, खेळाडूशी बोलायचं म्हणजे त्याच्या आईसमोर बसायचं. त्यांनी चहा दिला, आणि पैशाचा विषय निघायच्या आधीच म्हणाल्या, "भाऊ, पैशाचं जाऊ द्या, ह्याच्या नोकरीचं काय हुतंय काय?" २०१७ ला आपला अनिकेत जाधव अंडर सेव्हन्टीन वर्ल्डकपला भारताकडून खेळला तेव्हापासून तर प्रत्येक घरात हेच, खेळून पोराचं पुढं काय. खरं सांगायचं तर माझ्याकडं उत्तर नव्हतं. आप्पांनी "बघतो की" म्हणून वेळ मारून नेली, मला ते आवडलं नाही पण मी गप्प बसलो.

पोरगा पंचवीस हजार, शूज आणि पेट्रोल यावर तयार झाला. दहा हजार उचल, म्हणजे आगाऊ, दिली. उचल म्हणजे काय ते आमच्या भागात ऊसतोडीमुळं सगळ्यांना माहितीय, आणि टोळी उचल घेऊन पळाली की काय होतंय ते पण माहितीय. तर बारा दिवसांनी सकाळी पेपर उघडला, क्रीडा पानावर हा पठ्ठ्या तिसऱ्याच तालमीच्या लोकांबरोबर गळ्यात हार घालून उभा. फोन केला तर म्हणतोय, "दादा, घरातनं प्रेशर आलं." सहा हजार परत मिळाले, चार अजून यायचेत. त्याच्यापेक्षा मला राग माझाच आला, कारण कागद नाही, सही नाही, आईच्या हातचा चहा पिऊन विश्वास ठेवला. त्यानंतर मी निम्मे पैसे नोंदणी झाल्याच्या दिवशी आणि निम्मे हप्त्यानं असं सुरू केलं, दोन पोरं त्यावरच तुटली, तुटू देत. शेवटी स्टॉपर मिळाला तो कॉलेज टीममधला, फार काही चमक नाही, पण डोक्यानं खेळतो आणि हेडला जातो.

मग फॉरीनर. इथं बरीच वर्षं आफ्रिकेतली पोरं येऊन खेळतात, पब्लिकला ते पाहिजेच असतंय, आणि आमच्या लोकांना स्ट्रायकर पाहिजे होता तो असा आणायचा ठरला. एका एजंटनं व्हॉट्सॲपवर क्लिप पाठवली. तीन मिनिटं, मागं धडधड म्युझिक, पोरगा सहा फूट, गोलावर गोल. ग्रुपवर नुसता नाद खुळा चालू झाला. मी म्हटलं एक पूर्ण मॅच पाठवा. एजंट म्हणाला पाठवतो, आणि मग दोन दिवस नुसते हात जोडलेले इमोजी. तोवर इकडं तिकीट काढून झालेलं होतं कारण आमच्यातल्या एकाला दम नव्हता.

पोरगा आला, स्वभावानं एकदम गोड. केरळमध्ये सेव्हन्स खेळून आलेला, म्हणजे सात-सात जणांचं, छोट्या ग्राउंडवरचं. त्यात तो राजा असणार यात शंका नाही. पण दुधाळी मैदानावर अकरा-अकरा लावून ट्रायल घेतली तर पस्तिसाव्या मिनिटाला कंबरेवर हात. आमचं दुखणंच शेवटच्या वीस मिनिटांचं, आणि आम्ही आणला पहिल्या अर्ध्या तासाचा माणूस! त्यात तिसऱ्या दिवशी खोलीमालक घाबरून फोन करतोय की पोलीस विचारायला आलेत. मला तोवर माहितीच नव्हतं की परदेशी माणूस राहायला आला की चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवायचा सी-फॉर्म भरायचा असतो, आणि तो त्या परदेशी माणसानं नाही, ज्याच्या जागेत तो राहतो त्यानं भरायचा. रजा टाकून पासपोर्ट-व्हिसाच्या झेरॉक्स घेऊन एसपी ऑफिसला गेलो, तिथल्या साहेबांनी झापलं पण नीट समजावून पण सांगितलं. त्यांचा पहिला प्रश्न होता व्हिसा कसला आहे, कधीपर्यंत आहे. आम्ही पोराची उंची विचारलेली, वजन विचारलेलं, डावा पाय चालतो का विचारलेलं, व्हिसाची तारीख कुणीच विचारली नव्हती. ती तारीख ऐन सीझनच्या मध्यात संपत होती.

त्याला परत पाठवताना वाईट वाटलं. शेवटच्या रात्री जेवायला नेला तर त्यानं पांढरा रस्सा वाटीऐवजी ग्लासातनं मागितला, दोन ग्लास प्याला, आणि हे सूप आईला सांगणार म्हणाला. भाडं, तिकीट, एजंटचं कमिशन धरून अठ्ठेचाळीस हजार गेले.

राहिलेल्या पैशात जे करायचं ते केलं, त्यातला लेफ्ट बॅक मला सापडला तो मार्केट यार्डात. खरंच. पतसंस्थेच्या वसुलीला गेलो होतो, गुळाचा सौदा संपत आलेला, आणि एक एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा खांद्यावर गुळाचे रवे (ढेपा) घेऊन जवळजवळ पळत होता, हातातलं संपलं की मोकळ्या जागेत प्लास्टिकच्या बॉलला डाव्या पायानं लाथा. विचारलं तर म्हणाला गावाकडं खेळतोय, टीम अशी नाही. ट्रायलला बोलावलं, अनवाणी आला. नव्वद मिनिटं झाली तरी पोरगं पळतंयच. पोझिशन शून्य, बॉल दिसला की तिकडं, पण पळतंय. त्याच्याशी बोलणी पाच मिनिटांत झाली, खरी बोलणी करावी लागली ती त्याच्या अडत्याशी, मॅचच्या दिवशी बारानंतर सोडा म्हणून. शेट म्हणाले सोडतो, पण त्याचा रोज तुम्ही द्यायचा. शूज बत्तीसशे आणि मॅचच्या दिवसाचा रोज, एवढ्यात पडला तो.

मग नोंदणी. नोंदणी आता ऑनलाइन, फुटबॉल फेडरेशनच्या सीआरएस नावाच्या सिस्टीमवर. ऐकायला बरं वाटतंय, पण पंधरा पोरांचे आधार, जन्मदाखले आणि पांढऱ्या बॅकग्राउंडचे फोटो गोळा करून बघा एकदा. एकाचं आधारवर नाव वेगळं, दाखल्यावर वेगळं. एकानं फोटो पाठवला तो लग्नातला, फेट्यासकट. आणि आमचा नवीन कीपर, ज्याच्यासाठी मी महिनाभर घासलेली, त्याचं नाव सिस्टीमवर अजून त्याच्या शाळकरी वयातल्या एका क्लबकडं. त्यांनी ट्रान्सफर मान्य केल्याशिवाय पुढं सरकत नाही, आणि त्या क्लबच्या लॉगिनचा पासवर्ड ज्याला माहिती तो माणूस दुबईत नोकरीला. शेवटच्या दिवशी रात्री साडेदहाला तिथल्या ड्युटीवरनं त्यानं ते ओके केलं. मी त्याला कधी भेटलेलो नाही, पण आला की जेवायला घालणार आहे.

आणि एक गोष्ट, जी मी शेवटपर्यंत ढकलत होतो. यादीत जागा मोजक्या, आणि दादांना ठेवलं तर एक तरणा पोरगा बाहेर. अकरा वर्षं कॅप्टन होते. मी ज्या दिवशी गुडघ्यावर पडलो त्या दिवशी मला पाठकुळी घेऊन रिक्षापर्यंत नेलेलं त्यांनी. तालमीच्या पायरीवर बसून सांगितलं. ते बॉलमध्ये हवा भरत होते, भरतच राहिले, म्हणाले, "बरं." एवढंच. मग दहा-बारा दिवस आले नाहीत, आणि वहिनींनी भाजीच्या गाडीवर माझ्या बायकोला ओळख दाखवली नाही. बायको मला म्हणाली, तुम्हाला काय गरज होती ह्यात पडायची. तिचं बरोबर होतं. मग एक दिवस सकाळी सहाला प्रॅक्टिसला बघतोय तर दादा लाईनीवर उभे, आणि त्या यार्डातल्या पोराला शिव्या घालतायत, "आरं बॉल कशाला बघतोस, माणूस बघ माणूस!" माझ्याशी अजून जेवढ्यास तेवढंच बोलतात.

पहिली मॅच दुपारी दोनची होती, ऊन डोक्यावर. समोर मोठी टीम, त्यांच्याकडं दोन फॉरीनर. आम्ही एक-शून्यनं मागं पडलो, मग कॉर्नरवर त्या कॉलेजच्या स्टॉपरनं हेडवर बरोबरी केली. पंच्याहत्तराव्या मिनिटानंतर मी घड्याळच बघत होतो, वहीतले ते नऊ गोल डोळ्यांसमोर. त्यांचा राईट विंग दर मिनिटाला आमच्या डाव्या बाजूनं घुसायला बघायचा आणि दर वेळी ते गुळातलं पोरगं त्याच्या आधी तिथं. एक-एक सुटली. स्ट्रायकर असता तर जिंकलो असतो, असं अण्णा म्हणाले.

संध्याकाळी फोन आला. मोठ्या तालमीतले एक ओळखीचे, आधी दहा मिनिटं गुडघ्याची चौकशी, मग हळूच, "तुमचा तो डावा बॅक कुठला रे? जरा नंबर पाठव की." पाठवतो म्हणालो. आता रात्रीचे साडेअकरा वाजलेत, त्यांचे दोन मेसेज येऊन पडलेत, मी अजून उघडलेले नाहीत.