उजव्या ऑल्टने अडवलेल्या तीन संध्याकाळी

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स ही संगणक-प्रणाली बसवण्याचे बाकी सगळे काम तासाभरात उरकले. तीन संध्याकाळी गेल्या त्या एका कळीपायी.

देवनागरी इनस्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण कळफलक-मांडणी निवडल्यावर इन्स्टॉलरने, म्हणजे प्रणाली बसवणाऱ्या प्रोग्रामने, विचारले की देवनागरी आणि रोमन यांची अदलाबदल कोणत्या कळीने करायची. उजवा ऑल्ट आणि कॅप्स लॉक या दोन कळा हाताला सोयीच्या पडतात, असे सोबतच्या टिपेत लिहिले होते, म्हणून मी विश्वासाने उजवा ऑल्ट निवडला. पण या मांडणीत तिसऱ्या स्तरावरची चिन्हे (एकाच कळीवरची, पण नुसत्या कळीने किंवा शिफ्टने न उमटणारी) काढायलाही हीच कळ लागते आणि ती एकदा अदलाबदलीला दिली की तो स्तर बंद होतो, हे तिथे सांगायला हवे होते, असे मला आजही वाटते.

सोसायटीच्या हिशेबाचे पत्रक लिहायला घेतले तेव्हा हे उघड झाले. २०१० साली स्वीकारलेले रुपयाचे चिन्ह ४ च्या कळीवर तिसऱ्या स्तरात आहे. मी उजवा ऑल्ट धरून ती कळ दाबली की भाषा बदलायची आणि रोमन चार उमटायचा. टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टंकण्याच्या खिडकीतून, कळफलकाची प्रणालीभरची नोंद ठेवणाऱ्या कीबोर्ड-कॉन्फिगरेशन पॅकेजची मांडणी पुन्हा केली, अदलाबदल कॅप्स लॉकवर नेली, उजवा ऑल्ट तिसऱ्या स्तराला दिला, यंत्र पुन्हा सुरू केले, तरी काहीही बदलले नाही. दुसरी संध्याकाळ मी तेच तेच पर्याय पुन्हा निवडण्यात घालवली आणि अक्षरशः वैतागलो. कारण तिसऱ्या दिवशी सापडले: ग्नोम डेस्कटॉप, म्हणजे लिनक्सवरचा खिडक्या-मेनूंचा दर्शनी भाग, पहिल्या लॉगिनच्या वेळी प्रणालीतील कळफलकाच्या नोंदीची स्वतःपुरती प्रत करून घेतो आणि पुढे तीच वापरतो. ट्वीक्स या ग्नोमची मांडणी बदलण्याच्या अनुप्रयोगात कीबोर्डच्या अतिरिक्त पर्यायांत जाऊन हेच दोन बदल केले आणि रुपयाचे चिन्ह लगेच उमटले. इतका आनंद मला मूळ प्रणाली चालू झाल्यावरही झाला नव्हता.

म्हणून इन्स्टॉलरमध्येच कॅप्स लॉक निवडावा. मोठी रोमन अक्षरे कायम करायची असतील तर शिफ्ट धरून तीच कळ दाबता येते. आणखी एक आठवले: पासवर्ड टंकताना अक्षरे दिसत नाहीत, तेव्हा त्याआधी नावाच्या चौकटीत दोन अक्षरे टंकून कळफलक रोमनवर आहे ना, हे पाहून घ्यावे.