तक्रार करायची, पण कशाची ते लिहायचं नाही

हर्नियाच्या ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी माझा चुलतभाऊ बघायला आला, पिशवीत दोन शहाळी, आणि कॉटच्या पायथ्याशी उभा राहून काहीतरी वाचायला लागला. मला वाटलं तापाचा तक्ता बघतोय. मग शहाळी स्टुलावर ठेवली नि उभ्याउभ्याच म्हणाला, "येतो ओ, गाडी रस्त्यावरच लावून आलोय." बसला नाही. एरवी हा गडी पाठीत गुद्दा घातल्याशिवाय बोलायला सुरुवात करत नाही, त्या दिवशी हात पण लावला नाही. तो गेल्यावर बायको उठून बघते तर कॉटला अडकवलेल्या फाईलच्या पुठ्ठ्यावर लाल मार्करनं एचआयव्ही, बोटभर उंच अक्षरं, खाली दोन रेघा मारलेल्या.

मी बेळगावचा, वडगावकडचा, यंत्रमागावर साड्या काढतो. हॉस्पिटलचं नाव सांगणार नाही, माझं तर नाहीच नाही. पण त्या फाईलपासून पुढं साडेतीन महिने जे केलं ते लिहून ठेवतोय, कारण मला सुरुवात कुठनं करायची हेच माहीत नव्हतं.

आधी मागचं थोडक्यात. २०१६ ला शिवजयंतीच्या रक्तदान शिबिरात रक्त दिलं, सर्टिफिकेट मिळालं, बिस्किटचा पुडा मिळाला, आणि काही दिवसांनी ब्लड बँकेतनं फोन, एकदा येऊन जावा म्हणून. तिथनं सरकारी टेस्टिंग सेंटरला पाठवलं, तिथं तीन वेगवेगळ्या किटवर तपासलं, तिन्हीवर पॉझिटिव्ह. सीडी४, म्हणजे रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशींचा आकडा, चांगला ६२० आला म्हणून लगेच गोळ्या दिल्या नाहीत, तेव्हा नियम तसा होता. २०१७ ला नियम बदलला, आकडा किती का असेना गोळ्या सुरू करायच्या, मग माझ्याही झाल्या. पहिली गोळी झोपताना घ्यायची असायची आणि त्यात एफाविरेन्झ, त्यानं अशी स्वप्नं पडायची की मागाचे धोटे उडून अंगावर येतायत. पुढं डोल्युटेग्रॅविरवाली आली, स्वप्नं गेली. आता व्हायरल लोडच्या रिपोर्टवर "टार्गेट नॉट डिटेक्टेड" येतं, म्हणजे मशीनला व्हायरस सापडतच नाही, आणि असं टिकून राहिलं तर संबंधातनं तो जोडीदाराला जात नाही. बायको निगेटिव्ह आहे. तिला मी माझ्याच तोंडानं सांगितलं होतं पहिल्या महिन्यात, ती रात्र इथं लिहीत नाही.

तर सर्जनना पण मीच सांगितलेलं, केबिनमध्ये दार लावून. लपवायचं नव्हतं. ते चांगलं बोलले, गोळ्या एक दिवस पण चुकवू नका म्हणाले, तारीख दिली. त्यांच्या तोंडातनं काही बाहेर गेलं नाही याची मला आजही खात्री आहे. गेलं ते पुठ्ठ्यावरनं. कुणीतरी सिस्टरनं दुसऱ्या शिफ्टला कळावं म्हणून लिहिलं असणार, वाईट मनानं नसेलही, पण कॉट वॉर्डात, वॉर्ड भेटायच्या वेळेला सगळ्यांना उघडा, आणि बेळगावात वाचता न येणारा माणूस कुठं मिळतोय आता. आणि डिस्चार्जच्या बिलात एक ओळ, "स्पेशल किट, ४२०० रुपये". शेजारच्या कॉटवरच्या निपाणीच्या काकांचं पण हर्नियाच, त्यांच्या बिलात ती ओळ नव्हती. मी त्यांचं बिल मागून बघितलं, काका म्हणाले तुम्ही एलआयसीवाले का ओ.

टाके काढून झाल्यावर गोळ्या आणायला एआरटी सेंटरला गेलो तेव्हा कौन्सेलर ताईंना सगळं सांगितलं. मला वाटलं त्या म्हणतील, जाऊ दे, कुठं वाढवताय. त्यांनी कपाटातनं झेरॉक्स काढली, एचआयव्ही-एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा, २०१७ चा, लागू झाला १० सप्टेंबर २०१८ पासून. मी इतकी वर्षं गोळ्या खातोय, असा कायदा आहे हे मला ठाऊक नव्हतं. ऐकण्यात होतं ते एवढंच, की ऑपरेशनला नाही म्हणता येत नाही.

त्यांनी समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो. कलम ८, विश्वासानं सांगितलेलं तुमचं स्टेटस तुमच्या लेखी संमतीशिवाय दुसऱ्याला सांगायचं नाही, कोर्टाचा हुकूम वगैरे काही अपवाद सोडले तर. ज्या डॉक्टरला किंवा स्टाफला उपचारासाठी कळणं गरजेचं आहे त्यांनी आपसात सांगणं वेगळं, पण शहाळी घेऊन आलेला चुलतभाऊ त्यात बसत नाही. कलम ११, ज्याच्याकडं अशी माहिती लिहून ठेवलेली आहे त्यानं ती सांभाळायची व्यवस्था करायची. कलम ३, उपचारात दुजाभाव नको. आणि कोर्टाच्या कामातनं कळलेलं स्टेटस कुणी बाहेर फोडलं तर त्याला दंड एक लाखापर्यंत होऊ शकतो. मी लगेच "मग एक लाख मागूया की" म्हणालो तर ताई हसल्या, "तो दंड आहे ओ, तुमच्या खिशात नाही येत."

मी विचारलं, पण त्यांना पण स्वतःला जपायला नको का, सुई लागली बिगली तर? तर म्हणे त्याच्यासाठीच नियम आहे की प्रत्येक पेशंटचं रक्त धोक्याचं समजूनच ग्लोव्हज घालायचे, सुई टाकायची. लागण झाल्यावर सुरुवातीचे काही आठवडे टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते, मग ज्याच्या फाईलवर लाल अक्षरं नाहीत त्याच्याबद्दल काय करणार? आणि चुकून सुई लागलीच तर ७२ तासांच्या आत गोळ्या सुरू करायच्या, २८ दिवस घ्यायच्या, त्या स्टाफला मिळाल्या पाहिजेत हे पण याच कायद्यात. म्हणजे सिस्टरची काळजी कायद्यानं केलीय, मार्करनं नव्हे. हे मला फार पटलं.

त्याच दिवशी त्यांनी गोव्याच्या डॉमिनिक डिसोझाची गोष्ट सांगितली. आपण चोर्ला घाट उतरून गोव्याला जातो, त्या बाजूला म्हापशाला १९८९ मध्ये या माणसाला पोलिसांनी नेऊन जुन्या टीबी सॅनिटोरियममध्ये ६४ दिवस कोंडून ठेवलं, गुन्हा काही नाही, रक्तदान केलेलं आणि त्यात पॉझिटिव्ह निघाला एवढंच. तेव्हा गोव्याचा आरोग्य कायदाच तसा होता, पॉझिटिव्ह माणसाला वेगळं ठेवायचा. आईनं हायकोर्टात केस घातली. तो वारला १९९२ ला. रक्तदान म्हटल्यावर माझ्या अंगावर काटा आला, मी पण तसाच सापडलो होतो, फरक सत्तावीस वर्षांचा. मला फोन आला आणि त्याच्याकडं पोलीस आले.

आता खरी पंचाईत. तक्रार लेखी द्यायची. लेखी म्हणजे कागदावर माझं नाव आणि त्याच कागदावर तो शब्द. जे एका पुठ्ठ्यावर होतं म्हणून भांडायचं तेच मी माझ्या अक्षरात लिहून अजून चार टेबलांवर फिरवायचं! टायपिंगला कुणाला देणार? आमच्या इथला झेरॉक्सवाला माझ्या शाळेतला, आणि प्रिंट काढायची तर पीडीएफ त्याच्या व्हॉट्सअॅपला पाठवावी लागते, ती त्याच्या मोबाईलमध्ये जन्मभर. मग ठरवलं मोबाईलवर बोलून टाईप करायचं, घरात पोरं म्हणून मागाच्या शेडमध्ये गेलो, तिथं चार माग चालू, कोणाच्या बापाला ऐकू येत नाही. मोबाईलला पण आलं नाही. "माझी तक्रार अशी की" एवढं बोललो तर त्यानं "माझी तगार शिळी" लिहिलं. शेवटी रात्री पोराच्या वहीचं पान फाडून हातानं लिहिलं, मराठीत, कारण कन्नड मला बोलायला येतं, मागावर निम्मे गडी कन्नडच, पण लिहायला येत नाही.

ते पान ताईंना दाखवलं. त्यांनी पेन घेऊन एकेक शब्द खोडला. आजाराचं नाव कुठंच नको, "माझ्या प्रकृतीविषयीची गोपनीय माहिती" एवढंच. मी म्हटलं पण कायद्याचं नाव तर घालायला लागणार की, आणि कायद्याच्या नावातच तो शब्द आहे. त्या दोन मिनिटं गप्प बसल्या. मग झेरॉक्सच्या वरच्या ओळीवर बोट ठेवलं, २०१७ चा कायदा क्रमांक १६. बास. "केंद्र सरकारचा कायदा क्रमांक १६, सन २०१७, कलम ३, ८ व ११ चा भंग." ज्याला कळायचं त्याला शोधून कळेल, क्लार्कला कळणार नाही. नावाच्या जागी आयपी नंबर, म्हणजे अॅडमिट झाल्यावर मिळतो तो, आणि माझा मोबाईल नंबर. इंग्लिश कॉपी ताईंनीच करून दिली, सेंटरच्या प्रिंटरवर, आणि माझ्यासमोर कॉम्प्युटरमधनं काढून टाकली.

पाकिटावर "गोपनीय, फक्त तक्रार अधिकारी यांचेसाठी" असं लिहून हॉस्पिटलच्या इनवर्डला, म्हणजे टपाल घेतात त्या काउंटरला, गेलो. कायद्यानं वीस किंवा जास्त माणसं काम करणाऱ्या दवाखान्यात असा अधिकारी पाहिजेच, बाकीच्या आस्थापनांना शंभरची अट. आमच्या शेडमध्ये आम्ही अकराजण, तिथं तो प्रश्नच नाही. काउंटरवरचा पोरगा चांगला होता पण त्याची सवय झालेली, पाकीट घेतलं की कात्री लावायची.

"ओपन माडबेकु सार, सब्जेक्ट बरीबेकु." उघडायला पाहिजे, विषय लिहायला पाहिजे रजिस्टरमध्ये.

मी म्हटलं, "बेड. कॉन्फिडेन्शियल अंत बरी." नको, कॉन्फिडेन्शियल म्हणून लिही.

तो कात्री धरून माझ्याकडं बघतोय, मी पाकिटाचं दुसरं टोक धरलेलं, मागं लाईनमध्ये सहा माणसं. मागनं कोणतरी मराठीत म्हणालं, "अहो द्या की ओ, लव्ह लेटर हाय काय?" सगळे हसले, मी पण हसलो, पण टोक सोडलं नाही. शेवटी त्यानं रजिस्टरमध्ये सब्जेक्टच्या खान्यात "सीक्रेट" लिहिलं आणि पोच मारून दिली. ती पोच माझ्याकडं आहे. तक्रार अधिकारी कोण म्हणून विचारलं तर त्याला माहीत नव्हतं, आत जाऊन विचारून आला, आतल्यांना पण माहीत नव्हतं.

तीन आठवडे काहीच नाही. ताई म्हणाल्या पुढची पायरी राज्याचा ओम्बुड्समन, म्हणजे राज्य सरकारनं नेमलेला तक्रार ऐकणारा, त्यानं तीस दिवसांत निकाल द्यायचा, अर्जंट उपचाराचा मामला असेल तर चोवीस तासांत, आणि पुढं कोर्टात गेलात तरी नाव झाकून केस चालवायची सोय आहे. मी दुसरं पत्र दिलं, त्यात एवढंच की पहिल्याचं उत्तर नाही, पुढं जाऊ का? चार दिवसांत फोन आला.

मीटिंगला मोठे साहेब, एक एचआरची बाई आणि मी. ताईंना बरोबर नेलं होतं. साहेब सुरुवातीला म्हणाले, "तुम्हीच डॉक्टरना सांगितलंत, म्हणजे गुपित कुठं राहिलं?" मला हा मुद्दा कधीचा ऐकायचाच होता, कारण चुलतभावापासून सगळ्यांच्या डोक्यात हेच असतं, एकदा तोंडातनं गेलं की गेलं. मी म्हटलं साहेब, मी बँकेत पैसे ठेवले म्हणजे वाटले असं होतंय काय? ताईंनी फाईलचा फोटो पुढं केला, बायकोनं डिस्चार्जच्या दिवशी काढलेला. एचआरच्या बाई तो बघून काही बोलल्या नाहीत, कोणत्या शिफ्टला कोण होतं ते विचारायला लागल्या. मी म्हटलं मला कुणाची नोकरी घालवायची नाही. खरंच नव्हती घालवायची. त्या सिस्टरला कुणी शिकवलं असतं तर तिनं लिहिलं नसतं.

तीन गोष्टी मागितल्या: पुठ्ठा बदला, किटचे पैसे परत द्या, स्टाफला शिकवा. पुठ्ठा तिथंच बदलला, साधा खाकी, जुना मी मागून घेतला आणि घरी येऊन बंबात घातला. शिकवायला महिन्याभरानं ताईंनाच बोलावलं, दोन बॅच, कन्नड आणि मराठी मिसळून. मी अर्थातच नव्हतो, पण त्यांनी सांगितलं की पहिला प्रश्न आला तो ताट-वाटी वेगळी ठेवायची का, दुसरा डास चावला तर काय, आणि हे विचारणारे रोज इंजेक्शन देणारे लोक. ताट-वाटीनं होत नाही, डासानं होत नाही, शिवण्यानं होत नाही, हे आमच्या पोराच्या शाळेच्या पुस्तकात पण असेल. एक वयस्कर मावशी म्हणे शेवटी उठून म्हणाल्या, मग आम्हाला इतकी वर्षं कशाला भ्या घातलं?

चुलतभावाचं मात्र कुठल्या कलमात बसलं नाही. त्यानं घरी सांगितलं, त्याच्या बायकोनं माहेरी खानापूरला सांगितलं, तिथनं फिरून माझ्या बहिणीला कळलं, आणि ती रडत फोन करून विचारती, खरं हाय काय दादा? तिला सांगायचं का आणि कधी हे मी ठरवणार होतो. ते राहून गेलं. त्याच्यावर कुठं तक्रार करू, आणि करून काय लिहू. गणपतीला तो आला होता, यावेळी बसला, चहा पण घेतला, पाठीत गुद्दा अजून नाही.

किटचे पैसे म्हणाल तर २४०० मिळाले, चेकनं. राहिलेले १८०० "प्रोसेसमध्ये आहेत". परवा परत फोन केला, अकाउंटवाले म्हणतात सोमवारी या आणि येताना ओरिजिनल बिल घेऊन या. मी म्हटलं ओरिजिनल बिल तुमच्याकडंच जमा आहे. मग म्हणाले, मंगळवारी या.