विंगेतली दोन मिनिटं

दिवाळीच्या सुट्ट्या संपून नागपुरात स्वेटर निघाले, की शाळांमध्ये गॅदरिंगचे वारे वाहायला लागायचे. फळ्यावर नावं, मधल्या सुट्टीनंतर तालमी आणि नऊवारी, पगड्या, लाकडी तलवारी भाड्याने मिळवायला ड्रेपरीवाल्याकडे खेपा. काही शाळा सायंटिफिक सोसायटीचं किंवा वसंतराव देशपांडे सभागृह घ्यायच्या. बाकीच्यांचा मांडव शाळेच्याच पटांगणात पडायचा. पहिल्यांदा उभ्या राहणाऱ्या पोरांना सभागृह सोपं जातं. दिवे डोळ्यांवर आले की समोर नुसता काळोख दिसतो. पटांगणात मात्र आत्या, मामा, शेजारचे काका, सगळे ओळखू येतात.

"मॅडम, माझ्यानं नाही होणार" हे वाक्य बहुधा रंगीत तालमीच्या दिवशी ऐकू यायचं. त्याला कारण आहे. कपडे, दिवे, माईक, सगळंच त्या एका दिवशी नवं असतं. म्हणून आठवडाभर आधी एकदा पूर्ण पोशाख चढवून पाहायचा आणि माईकवर निदान तीन वेळा बोलू द्यायचं.

माईकचं प्रकरण तर सविस्तर सांगण्यासारखं आहे. घाबरलेलं पोर नकळत माईकपासून मागे सरतं. आवाज पडतो, म्हणून साऊंडवाला व्हॉल्यूम वाढवतो, स्पीकरमधून शिट्टी येते आणि पोर आणखी मागे जातं. त्यावर उपाय म्हणजे स्टँडची उंची आधीच हनुवटीला लावून ठेवायची, तोंड माईकपासून चार बोटं ते वीतभर दूर राहील अशा बेताने खडूची खूण करायची आणि "पाय खुणेवर" एवढंच सांगायचं.

पाठांतर सहसा कडव्याच्या मधे तुटत नाही, ते सांध्यावर तुटतं. एक कडवं संपून दुसरं सुरू होताना, किंवा सारख्या शब्दांनी सुरू होणाऱ्या दोन ओळींत. म्हणून तालमीत कुठल्याही कडव्यापासून सुरू करायला लावायचं. पहिल्या दोन ओळी तर झोपेतून उठवलं तरी आल्या पाहिजेत. अडलंच, तर विंगेतल्याने लगेच तोंड उघडू नये. तीन अंक मोजावेत, बहुतेक वेळा पोराला आपलं आपण आठवतं. नाही आठवलं, तर फक्त दोन शब्द द्यायचे, स्पष्ट आणि एकदाच. भाषण वाचायचं असेल तर कागद पुठ्ठ्यावर चिकटवावा. सुटा कागद हाताची थरथर सगळ्यांना दाखवतो, आणि ती दिसली की बोलणारा जास्त थरथरतो.

शेवटची दोन मिनिटं विंगेत जातात. छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, बोटं गार होतात. ते काही बिघडल्याचं लक्षण नाही, शरीर कामाला लागलेलं असतं. चार अंक मोजत श्वास घ्यायचा, सहा मोजत सोडायचा, असं पाच-सहा वेळा. कोमट पाण्याचा एक घोट. आणि इथल्या थंडीत एक गोष्ट विसरायची नाही. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहाच्या आसपास उतरतो आणि पातळ घागऱ्यातली पोरगी गारठ्याने कापत असते. ते कापणं तिला भीतीचं वाटतं. नंबर येईपर्यंत अंगावर शाल ठेवली की निम्मी भीती तिथेच ओसरते. "घाबरू नको" म्हणून उपयोग नाही. "भीती वाटते ना? वाटू दे. पहिली ओळ म्हण. चाल बाबू," हे कामी येतं.

मग पहिला हशा येतो. तालमीत कुणी हसलेलं नसतं, त्यामुळे पोर दचकतं आणि घाईने पुढची ओळ हशाखाली गाडून टाकतं. हसू ओसरेपर्यंत थांबायला आधीच शिकवावं लागतं. जे थांबतात त्यांचा चेहरा पाहण्यासारखा असतो. खांदे खाली येतात, आवाज मोकळा होतो, आणि मघाशी रडकुंडीला आलेलं पोर पुढच्या वाक्यात स्वतःच्या पदरची एखादी गंमत घालून मोकळं होतं. साऱ्या खटाटोपात याहून मोठा आनंद दुसरा नाही.

बाहेर आल्यावर आधी स्वेटर, मग पाणी, मग चिवड्याची पुडी. कोणती ओळ राहिली हे त्या रात्री कुणी विचारायचं नाही.