पाण्याखालचा सर्व्हे नंबर

अण्णांनी गेल्या वर्षी विहिरीचा ध्यास घेतला. आमचं जुनं गाव इंदापूर तालुक्यात, भीमेच्या काठी. उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं, पण आम्ही त्याआधीच उठलो होतो. पाणी फार उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, त्याचे फोटो सगळीकडे फिरतात. आमच्या गावातलं असं ओळखू येण्याजोगं काही वर येत नाही. गाळ, भेगा आणि जोत्यांच्या दगडांच्या रांगा, एवढंच. अण्णांचं मागणं साधं होतं : "आपली विहीर कुठं होती तेवढं दाखव मला."

मला वाटलं, महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर सातबारा काढायचा, नकाशा बघायचा, झालं. पण संपादित होऊन पाण्यात गेलेल्या जमिनीचं तिथं काहीच हाती लागेना. मग मी एका कार्यालयात अर्ज टाकला : "गावाचा जुना नकाशा व आमच्या जमिनीचे सर्व जुने कागद मिळावेत." तीन आठवड्यांनी अर्ज परत. वर लाल शाईत शेरा : "अर्जावरून बोध होत नाही." राग आला. आता तो अर्ज वाचला की त्या शेऱ्यात काही चूक दिसत नाही.

शहाणं केलं ते दप्तराच्या खोलीतल्या एका वयस्कर शिपाईमामांनी. म्हणाले, "भाऊ, तुम्हाला काय पाहिजे ते सांगू नका. कुठला कागद पाहिजे ते सांगा." सगळी किल्ली यातच होती. 'आमची जमीन' नावाचं बाड तिथं नसतं. असतो तो फेरफार, म्हणजे हक्कबदलाची नोंद, आणि टिपण, प्रतबुक, वसलेवार, कमी-जास्त पत्रक असे मोजणीचे वेगवेगळे कागद. कागदाचं नाव, गाव आणि सर्व्हे नंबर ही तीन अर्जात असली की माणूस उठून कपाटाकडे जातो.

सर्व्हे नंबर कुणालाच आठवेना. अण्णा शेताला 'वावडी' म्हणायचे आणि दप्तरात वावडी नाही. शेवटी आत्याच्या ट्रंकेत, लग्नाच्या पत्रिकांखाली, भूसंपादनाची १२(२) ची नोटीस सापडली. निवाडा झाला, रक्कम घेऊन जा, अशी ती नोटीस. तिच्यावर नंबर होता : ४१/२. क्षेत्र २ हेक्टर ४३ आर, म्हणजे आमच्या भाषेत सहा एकर.

मग कामं भराभर झाली. जुने सातबारे आणि फेरफार तहसीलच्या अभिलेख कक्षातून, टिपण आणि गावनकाशा भूमी अभिलेखकडून. अर्जाला कोर्ट फी स्टॅम्प, नकलेची फी, आणि खेपा. खेपांबद्दल फार लिहीत नाही, ज्यांनी घातल्यात त्यांना ठाऊक आहे. एकच सांगतो : प्रमाणित नक्कल मागा, मोबाईलवर फोटो काढून समाधान मानू नका. माझ्या फोटोत समासातला आकडाच कापला गेला होता, आणि नेमका तोच लागणार होता.

सातबाऱ्यातला बारा नंबर मी रात्री दोन वाजेपर्यंत वाचत बसलो. ज्वारी, करडई, मटकी, हुलगा. दर वर्षी तलाठ्याचं तेच तिरकं अक्षर. १९७२-७३ च्या रकान्यात सरळ 'पड'. अण्णा त्या वर्षाबद्दल कधी बोलत नाहीत, फक्त खडी फोडायला जात होतो एवढंच म्हणतात. पाण्याच्या साधनाच्या रकान्यात मात्र स्पष्ट होतं : विहीर १.

आता ती जागेवर बसवायची. गावनकाशावर विहिरीची खूण होती, पण तो नकाशा १ इंचाला २० साखळ्या अशा मापाचा. पेन्सिलीचं टोक टेकवलं तरी त्याखाली दहा-पंधरा फूट जातात. म्हणून टिपण घेतलं. टिपण म्हणजे शंकू आणि साखळी या साधनांनी मोजणी करणाऱ्यानं शेतातच काढलेली आकृती, बाजूंवर आकडे लिहिलेली. आमच्या एका बाजूवर होतं ९–६. म्हणजे ९ साखळ्या ६ आणे. साखळी किती फूट? इंटरनेटने सांगितलं ६६. मी त्या हिशोबानं आखलं आणि शेत भरलं चोवीस एकर! अण्णांनी कागद बघितला. "एवढी असती तर तुझ्या चुलत्यानं मुंबई कशाला गाठली असती?"

आपल्याकडच्या मोजणीची साखळी ३३ फुटांची, आणि तिचे १६ आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. लहानपणापासून घोकलेला आकडा कुठून आला ते असं कळलं. ९–६ म्हणजे जवळजवळ ३०९ फूट. शेत पुन्हा सहा एकरांवर आलं.

याच ओघात एक कळलं, त्याचा मला उगाच अभिमान वाटतो. मुंबई इलाख्यात ज्या पद्धतीनं जमीन मोजली, प्रतवारी केली आणि तीस वर्षांसाठी सारा ठरवला, ती पद्धत गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३५-३६ मध्ये सुरू केली ती इंदापूर तालुक्यातच. त्याआधी प्रिंगल या अधिकाऱ्याच्या मोजणीनं सारा इतका चढा बसवला होता की लोक जमिनी टाकून निघून गेले. पुढे १८४७ च्या संयुक्त अहवालात हे नियम पक्के झाले. मातीचा रंग, थराची खोली, त्यातला चुनखडा किंवा रेती हे सगळं पाहून आण्यांत प्रत. इतक्या बारकाईनं तपासलेल्या रानावर आता मासेमारीच्या होड्या फिरतात.

शिवेचा वरचा भाग पाण्यात गेलेला नाही. तिथल्या दोन त्रिसीमा, म्हणजे तीन गावांच्या शिवा मिळतात त्या जागा, आणि ओढ्याचं एक वळण धरून माझ्या भाच्यानं क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये जुना नकाशा आजच्या नकाशावर बसवला. पंधरा-वीस पावलांचा फरक राहिलाच.

मोडीतला एक फेरफार तेवढा वाचायचा राहिला होता. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत, ओळभर एकच वळवळ. पुण्यातल्या एका निवृत्त गुरुजींनी तो अर्ध्या तासात लावून दिला. पणजोबांची वाटणी होती. शेवटी लिहिलं होतं, विहिरीत आमचा हिस्सा ४ आणे. बाकीचे १२ आणे चुलत घराचे. अण्णा जन्मभर 'आपली विहीर' म्हणत आले, म्हणून मी ते त्यांना सांगायचं टाळत होतो.

मे महिन्यात पाणी उतरल्यावर आम्ही गेलो. फोनवरचा निळा ठिपका विहिरीच्या खुणेवर आला तेव्हा आम्ही वाळलेल्या गाळावर उभे होतो. विहीर दिसत नव्हती. ती गाळानं भरलीय. थोडं बाजूला घडीव दगडांची एक अर्धी ओळ होती, मोटेचे बैल चालायचे त्या धावेची असावी. अण्णा त्यातल्या एका दगडावर बसले. मग मी चार आण्यांचं सांगून टाकलं.

"चार आणे? म्हणजे चौथ्या दिवशी पाळी," ते म्हणाले. जरा वेळ थांबले. "आई रोज धुणं विहिरीवर का न्यायची नाही, ते आत्ता कळलं. आपली मोट चालू असली की पाटावर धुवायचं. बाकीचे तीन दिवस नदीवर."