हलकी सॅक

मिरिस्सा, श्रीलंका, रात्री

आज सकाळी उनावटुनाहून निघताना सॅक उचलली आणि ती नको इतक्या सहज वर आली. हाताला ज्या वजनाची सवय झाली होती ते तिथे नव्हतंच. आधी वाटलं, खोलीत काहीतरी राहिलं. पलंगाखाली वाकून पाहिलं, न्हाणीघरातल्या खिळ्यांवर पाहिलं, मच्छरदाणी झटकली. काही नाही. हा बाहेर अंगणात अक्कांशी बिलाचं बोलत उभा होता. त्याची सॅक पायरीला टेकवलेली होती, इतकी फुगलेली की वरचं झाकण बसत नव्हतं. तेव्हा कळलं. माझी पाण्याची मोठी बाटली, पॉवर बँक, जाडं पुस्तक, न वाळलेला टॉवेल, फ्लोटर्स, सगळं तिकडे गेलं होतं. रात्री कधीतरी. मी झोपल्यावर.

मी काही बोलले नाही. अक्कांचा निरोप घेतला, पट्टे आवळले आणि त्याच्या मागून बसच्या रस्त्याला लागले. तेव्हापासून दिवसभर हेच डोक्यात आहे. राग आलाय हे नक्की. कशाचा आलाय ते मात्र धड सांगता येत नाहीये, म्हणून लिहायला बसले.

ज्यांनी माझ्याबरोबर डोंगर पालथे घातलेत त्यांना हे समजेल. आपली सॅक आपण वाहायची, हा सह्याद्रीत कुणी न सांगता पाळला जाणारा नियम आहे. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढताना मी माझी सॅक कुणाला दिली नाही आणि कुणी मागितलीही नाही. वेळ येते तेव्हा घेतात, नाही असं नाही. कुणाचा पाय मुरगळला, कुणाला उन्हाने चक्कर आली, तर सगळे थांबतात, त्याची सॅक उघडतात आणि सामान वाटून घेतात. पण ते सगळ्यांसमोर. ज्याची सॅक आहे तो तिथेच बसलेला असतो, ‘नको रे, जमेल मला’ म्हणत असतो, मग त्याला चार शिव्या पडतात आणि तो देतो. झोपेत कुणी कुणाचं काढून घेत नाही. हे त्यालाही माहीत आहे. मला ते कळायच्या आधीपासून माहीत आहे.

आणि मला झालं काय होतं? हिक्कडुवाला मी रोज पोहले. गॉलच्या किल्ल्यात भर दुपारी घड्याळाच्या मनोऱ्यापासून दीपगृहापर्यंत तटावरून चालले. खाली क्रिकेटचं मैदान, टीव्हीवर इतक्यांदा पाहिलेलं. हा तिथे हलायलाच तयार नव्हता, ‘चल’ मी म्हणत होते. पाण्याची बाटली माझ्याच पाठीवर होती.

डिसेंबरनंतर सगळे माझ्या हातातून गोष्टी काढून घेतात. आई भाजीची पिशवी घेते. सासूबाई कुकर उचलू देत नाहीत. ऑफिसात कुणीतरी माझ्या वाट्याचं आधीच करून ठेवलेलं असतं आणि त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. लिफ्टमध्ये शेजारच्या काकू माझ्याकडे ज्या नजरेने बघतात ते लिहवत नाही. डॉक्टरांनी सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं, त्यालाही आता बरेच दिवस झाले. बाकीचा तो विषय इथे नको.

म्हणून तर आलो. पाठीवर सॅक, ट्रेन आणि बस, आधी काही ठरवायचं नाही. फेब्रुवारीत दक्षिणेचा किनारा, कारण मे ते सप्टेंबर इथे मोसमी वाऱ्यांनी समुद्र उधाणलेला असतो आणि तेव्हा लोक पूर्वेकडे अरुगम बेला जातात, हे सगळं यानेच वाचून ठेवलं होतं. मला एवढंच हवं होतं की जिथे कुणाला काही माहीत नाही अशा ठिकाणी जावं. इथल्या लोकांना खरंच काही माहीत नाही. ते मला ओझं उचलू देतात. थंबिली विकणारा बाबा पैलू पाडलेला अख्खा नारळ माझ्या एका हातात देतो आणि पैशांसाठी दुसऱ्या हाताकडे बघतो. त्याचं मला किती बरं वाटतं हे याला कधी सांगितलं नाही.

कोलंबो फोर्टहून निघालेली गाडी अगदी समुद्राच्या काठाने जाते. कोल्लुपिटिया, बंबलपिटिया या स्टेशनांवर फलाटाला लागूनच समुद्र आहे, भरतीला खडकांवर आपटलेल्या लाटेचे तुषार दारापर्यंत येतात. दारं उघडीच असतात. मी पाय बाहेर सोडून बसले होते आणि हा मागे उभा. हिक्कडुवाच्या जरा अलीकडे पेरलिया आलं. 26 डिसेंबर 2004 ला त्सुनामीने कोलंबोहून निघालेली गाडी तिथेच धरली होती. पौर्णिमा होती, म्हणजे इथल्या पोयाची सुट्टी, त्यात नाताळच्या पुढचा दिवस, गाडी गच्च भरलेली. पहिल्या लाटेने गाडी अडली तेव्हा गावातले लोक तिच्याकडेच धावले. लोखंडाची, अवजड, तिच्या आडोशाला तरी जीव वाचेल असं वाटलं असणार. काही जण टपावर चढले. दुसऱ्या, मोठ्या लाटेने डबे उचलून रुळांवरून फेकले. हजाराहून अधिक माणसं तिथे गेली. आता तिथे जपानच्या मदतीने उभारलेली उंच, उभी बुद्धमूर्ती आहे, ती गाडीतून दिसते. डब्यातल्या एका म्हाताऱ्या बाईंनी तिकडे बघून हात जोडले, मीही जोडले. त्याच वेळी याने मागून माझं कोपर धरलं. गाडी ना हळू झाली होती ना वळली होती. मी सोडवून घेतलं नाही, पण लक्षात राहिलं. आज सकाळच्या रागात ते कोपरही आहे.

तर, काढून घेतल्याचा राग. तेवढाच असता तर बसमध्ये बसेपर्यंत गेला असता. तो चोरून काढून घेतल्याचा आहे, असं मला कोग्गलापर्यंत वाटत होतं. आज पोया, त्यामुळे बस पांढऱ्या कपड्यांतल्या कुटुंबांनी भरलेली, हातात कमळं, देवळात निघालेली. ड्रायव्हरच्या मागे गाणी मोठ्याने लावलेली. आमच्या दोन्ही सॅक कंडक्टरने पुढे इंजिनाच्या झाकणाशी टाकल्या. खिडकीतून समुद्रात रोवलेल्या काठ्या दिसत होत्या, ज्यांवर बसून मासे धरायची इथली जुनी रीत आहे. आता त्यांवर बसणारे बरेचसे फोटोचे पैसे घेतात. अहंगमाला हा म्हणाला, ‘बघ बघ,’ आणि मी बघितलं नाही. मुद्दाम. त्याने पुन्हा म्हटलं नाही. खिडकी उघडी होती ती माझ्या केसांसाठी अर्धी लावली. पूर्वीचा हा असता तर म्हणाला असता, ‘तोंड का पाडून बसलीयेस?’

हे वाक्य मनात आलं आणि मी तिथेच अडकले. वेलिगामाचा सगळा उपसागर, ते पाण्यातून चालत जाता येईल इतकं जवळचं तापरोबेन बेट, फळीवर उभं राहायला शिकणारी पोरं, सगळं निघून गेलं आणि मी त्याच वाक्याशी.

परवा आम्ही रुमस्सलाला गेलो होतो. उनावटुनाच्या शेजारची टेकडी. लक्ष्मणासाठी हनुमान द्रोणागिरी घेऊन निघाला तेव्हा त्याचा एक तुकडा इथे पडला असं सगळा गाव सांगतो. अक्कांनी तर अशा सहजतेने सांगितलं की त्यांच्या आजोबांच्या वेळची गोष्ट असावी. वर औषधी झाडं खूप आहेत म्हणतात. आपल्याकडे उरणचा द्रोणागिरीही असाच पडलेला तुकडा मानतात, ते मी अक्कांना मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं तर त्या खूश झाल्या. वरच्या शांतिस्तूपापासून आम्ही झाडीतून खाली जंगल बीचवर उतरलो, पोहलो, परत चढलो. चढताना मी मध्ये थांबले होते. धाप लागली म्हणून नाही. झाडात खार दिसली की काय म्हणून. तो खाली उभा राहून माझ्याकडे बघत होता, हे मला आत्ता लिहिताना आठवतंय. त्याला काय वाटलं असेल ते आत्ता कळतंय.

हनुमानाला नेमकी वनस्पती ओळखता आली नाही म्हणून त्याने अख्खा डोंगर उचलला. लहानपणी ही गोष्ट ऐकताना आपल्याला त्याच्या ताकदीचं कौतुक वाटतं. मला आज बसमध्ये पहिल्यांदा वाटलं, किती घाबरला असेल. वेळ नाही, कुणाला विचारायची सोय नाही, आणि यातलं नक्की काय नेलं म्हणजे तो माणूस उठून बसेल ते समजत नाही. मग सगळंच घ्या. बाटली घ्या, पुस्तक घ्या, ओला टॉवेल घ्या.

डिसेंबरमध्ये सगळे मला विचारायला येत होते. त्याला कुणी विचारलं का, मला आठवत नाही. मीही

असो.

संध्याकाळी इथल्या किनाऱ्यावर बसलो. पोयामुळे दारू विकत नाहीत, म्हणून एरवीचा गोंगाट नव्हता. मडक्यातलं म्हशीचं दही आणि वर कितुल नावाच्या माडाचा पाक, दोघांत एक घेतलं. चंद्र वर आल्यावर मी म्हणाले, ‘माझी बाटली कुठाय?’

तो म्हणाला, ‘माझ्याकडे.’

‘का?’

जरा वेळाने म्हणाला, ‘सांगितलं असतं तर दिली असतीस?’

‘नाही.’

‘मग?’

‘मग मागायचीस. मी नाही म्हणाले असते. तू पुन्हा मागितली असतीस. आपण भांडलो असतो.’ आणि हे बोलता बोलता माझा आवाज इतका फाटला की पलीकडच्या टेबलावरच्यांनी पाहिलं. ‘डिसेंबरपासून तू माझ्याशी एकदा तरी भांडलायस?’

तो काही बोलला नाही. दह्यातला चमचा फिरवत राहिला. मग म्हणाला, ‘भीती वाटते गं.’

तेवढंच. कशाची ते मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. पण मला दिवसभर जे सापडत नव्हतं ते हेच होतं. वजन गेल्याचं नाही. चोरून गेल्याचंसुद्धा तितकंसं नाही. माझ्याशी वाद घालणंच सगळ्यांनी सोडून दिलंय. आई माझ्याशी वाद घालत नाही. बहीण घालत नाही. मी म्हणेन ते लगेच मान्य होतं, आणि जे मान्य करायचं नसतं ते माझ्या पाठीमागे होतं. ज्याच्याशी मी राजगडाच्या बालेकिल्ल्याच्या वाटेवर, भर पावसात, चहाची पूड कुणी विसरली यावरून तासभर भांडले होते, तोही. मी त्याला म्हटलं, ‘सामान घे हवं तर. पण दिवसाउजेडी घे.’

खोलीवर आल्यावर दोन्ही सॅक पलंगावर उपड्या केल्या. त्याने शर्ट काढला तर खांद्यावर पट्ट्याचा लाल वळ उठलेला. त्यावर मी काही बोलले नाही, तेल लावलं. बाटली आणि फ्लोटर्स माझ्याकडे आले. पॉवर बँकेवर तो अडून बसला, बसू दिलं. पुस्तक त्याच्याकडेच ठेवलं, कारण ते खरंच जड आहे, शिवाय तोही ते वाचतोय हे आज कळलं. माझ्यापेक्षा पुढे आहे. मला न सांगता वाचतोय, यावरही बोलायचंय, पण आज नाही.

मग उद्याचा विषय निघाला. मला देवमासे बघायचेत. मिरिस्साच्या समोर समुद्राचा तळ किनाऱ्यापासून फार लांब न जाता एकदम खोल होतो, म्हणून निळे देवमासे इथे इतक्या जवळ येतात, डिसेंबर ते एप्रिल हा त्यांचा काळ. पृथ्वीवरचा सगळ्यात मोठा प्राणी, आणि बोट सकाळी याच बंदरातून सुटते. मी म्हणाले, जाऊ. तो म्हणाला, ‘नाही.’

मला आधी ऐकू आल्यासारखं वाटलंच नाही.

‘नाही म्हणजे?’

‘तारकर्लीला काय झालं होतं आठवतंय? बोट सुटल्यापासून ओकत होतीस. मी येणार नाही तुझं डोकं धरायला.’ त्याला दोंद्राला जायचंय. देशाचं दक्षिण टोक, 1890 चं 49 मीटर उंच दीपगृह, समोर सरळ दक्षिणेला अंटार्क्टिकापर्यंत जमीन नाही. तिथे उभं राहायचंय म्हणे. नुसतं उभं.

मी म्हणाले, तारकर्लीला मी उपाशीपोटी होते म्हणून झालं. तो म्हणाला, उपाशी? घावणे कुणी खाल्ले होते मग, माझ्या ताटातलेसुद्धा? मी म्हणाले, तुझ्या ताटातलं मी कधी खाल्लेलं नाही. आवाज चढले. बाजूच्या खोलीतून कुणीतरी भिंतीवर थाप मारली, मग आम्ही हळू आवाजात पुढे चालू ठेवलं.

आता तो भिंतीकडे तोंड करून पडलाय, झोपलेला नाही. बोट साडेसहाला सुटते आणि मी अजून मागे हटलेली नाही.